कोरड्या नळाचा शॉट

संपादकांनी फोनवर सांगितलं, "अभिनेता ते दिग्दर्शक, असा तुमचा प्रवास येऊ द्या." प्रवास म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, माणूस कुठेतरी पोचला असणार. मी पेणला जन्मलो आणि आजही पेणलाच राहतो. खाली गणपतीचा कारखाना, वर मी. मधली पंचवीस-तीस वर्षं कामासाठी मुंबईला जाऊन-येऊन होतो, एवढंच. तेव्हा प्रवास राहू द्या. मी एका शॉटची गोष्ट सांगतो. त्या शॉटसाठी माझं जेवढं कौतुक झालं तेवढं आयुष्यात दुसऱ्या कशासाठी झालं नाही, आणि त्या शॉटबद्दल मी आजवर एकदाही खरं बोललेलो नाही.

आधी माझ्या अभिनयाबद्दल. मी मालिकांमधून इन्स्पेक्टर केला. मालिकेतला इन्स्पेक्टर म्हणजे सगळं होऊन गेल्यावर येणारा माणूस. विष पिऊन झालेलं असतं, सून जिन्यावरून पडून झालेली असते, मग मी येणार, टोपी काखेत धरणार आणि म्हणणार, "कुणीही घराबाहेर जायचं नाही." माझा आवाज भारदस्त आणि पोट शासकीय. त्यामुळे काम मिळत गेलं.

तोटा एकच झाला. आमच्या पेण-रोह्याच्या पट्ट्यात लोक मला पोलीस मानू लागले. मी नट आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरीही. एकदा जिते गावचे एक गृहस्थ सकाळीच दारात येऊन बसले. त्यांच्या भाच्याची मोटारसायकल पोलिसांनी उचलून नेली होती. मी समजावलं, "अहो, मी टीव्हीतला पोलीस. माझं तिथे कोण ऐकणार?"

ते म्हणाले, "व्हय, ते माहीत हाय. पन तिथला सायेब येऊन सा म्हयनं झालं. तुमी वीस वर्सं करताय."

मी शर्ट चढवला. त्यांच्याबरोबर ठाण्यात गेलो. कागद बरोबर होते, गाडी सुटली. त्यानंतर माझ्या दारात अर्ज येऊ लागले.

पुढे चॅनेलवाल्यांना तरुण, पिळदार दंडांचे इन्स्पेक्टर हवेसे झाले आणि माझी कामं आटली. त्याच सुमारास माझी सामाजिक जाणीव जागी झाली. दोन्हींतलं आधी काय घडलं असं मुलाखतीत विचारतात तेव्हा मी जाणीव आधी सांगतो.

झालं असं, की रोह्याच्या एका मंडळानं मला आदिवासी वाडीवर वह्या वाटायला पाहुणा म्हणून नेलं. वरसे गाव मागे टाकून डोंगराकडे वळलं की चढणीवर ती कातकऱ्यांची वाडी. खाली कुंडलिका नदी बारमाही वाहते, वर मार्च उजाडला की घोटभर पाण्याची मारामार. वाडीच्या मधोमध सिमेंटचा ओटा होता, ओट्यावर नळ होता, मागच्या भिंतीवर योजनेचं नाव रंगवलेलं होतं, आणि नळाखाली एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती इतक्या निर्धास्तपणे बसली होती, की नळाला किती वर्षं पाणी आलेलं नाही हे विचारायची गरज नव्हती.

मी नळाकडे बघत उभा होतो. एवढ्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन एक बाई चढण चढून आली. चाळिशी उलटलेली, काटक. हंडे न उतरवताच म्हणाली, "काय बघताय सायेब? पकडून न्यायचाय काय त्याला?"

ही चांगुणाबाई. वीटभट्टी, भातलावणी, जे मिळेल ते काम करणारी. तिच्या त्या वाक्यावर मी सिनेमा करायचं ठरवलं आणि नायिका म्हणून तिलाच घ्यायचं ठरवलं. गोष्ट साधी होती. एक बाई रोज खाली ओढ्यातल्या झऱ्यावरून पाणी आणते, आणि एक दिवस थकून कोरड्या नळाखाली हंडा लावून बसते. शेवटचा शॉट हाच. बाई नळाची चावी फिरवते, पाणी येत नाही, तरी ती हंडा हलवत नाही. मध्ये कुठे न कापता एका दमात घेतलेला, तीन मिनिटांचा शॉट.

मी वीस वर्षं खोटं वागून पोट भरलं होतं. त्यामुळे माझ्या सिनेमात सगळं खरं असणार, हा माझा हट्ट होता. पहिल्याच दिवशी मी चांगुणाबाईंना बजावलं, "अजिबात ॲक्टिंग करायची नाही."

"मंग मी करू काय?"

"तुम्ही रोज जे करता तेच."

"ते तर तुमी नसताना पन करते," त्या म्हणाल्या आणि हंडे घेऊन चालू लागल्या. त्यांनी त्या दिवशी आम्हाला इतकं पळवलं, की कॅमेरामन फिरोज झऱ्यावर पोचून पाण्यात पाय सोडून बसला आणि तासभर उठला नाही.

इथे बाहेरच्या वाचकांसाठी धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सिनेमा पडद्यावर दिसतो त्या क्रमानं कधीच शूट होत नाही. आज शेवट, उद्या सुरुवात, परवा मधलं लग्न. त्यामुळे सगळं जसंच्या तसं राहावं लागतं. एका शॉटमध्ये पदर डाव्या खांद्यावर असेल तर दहा दिवसांनी घेतलेल्या पुढच्या शॉटमध्येही तो डाव्याच खांद्यावर हवा. याला आम्ही कंटिन्युइटी म्हणतो. आमच्या निम्म्या सिनेमात मागे तो कोरडा ओटा दिसत होता, तेव्हा शेवटपर्यंत तो कोरडाच राहायला हवा होता. त्या वाडीत पाण्याच्या बाबतीत कंटिन्युइटी आपोआप सांभाळली जाते, असं मी युनिटमध्ये विनोदानं म्हणत असे.

निम्मं काम झाल्यावर मी एक चूक केली. रोह्याच्या एका ओळखीच्या पत्रकाराला बोलावून चहा पाजला. दुसऱ्या दिवशी बातमी आली : टीव्हीवरचा इन्स्पेक्टर तहानलेल्या वाडीत. सोबत माझा आणि कोंबडीचा फोटो. मी ती बातमी सगळ्या ग्रुपवर पाठवली.

ती नको तिथेही पोचली. दोन दिवसांत जीप आली, मग माणसं आली, मग पाइप आले. टाकीची मोटर बदलली. आम्ही खाली झऱ्याचे शॉट घेत होतो, आणि नुसते पाइप आलेले वाडीनं आधीही पाहिले होते, त्यामुळे मला कुणी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी वर आलो तर ओट्याभोवती अख्खी वाडी. नळ भसाभसा वाहत होता. बाया एकमेकींवर पाणी उडवत होत्या, म्हातारे ओंजळी धरून बसले होते, कोंबडी हुसकली गेली होती. चांगुणाबाई डोक्यापासून भिजलेल्या, मला बघून लांबूनच ओरडल्या, "सायेब, आलं गो बाय पानी." आनंदात त्या मलाही गो बाय म्हणाल्या.

माझ्या हातून समाजाचं एवढं भलं आधी कधी झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. आणि मी कपाळाला हात लावून दगडावर बसलो होतो. मला दिसत होता तो फक्त ओला ओटा.

प्रॉडक्शनची व्यवस्था बघणारा शेडगे हुशार माणूस. तो टाकीवर जाऊन पाणी सोडणाऱ्या बाळारामला भेटून आला. म्हणाला, "दादा, पाइपावरची मोठी चावी असते ना, तो खालचा व्हॉल्व्ह बंद केला की काम झालं. तीन दिवस बंद ठेवायला तो तयार आहे. म्हणतो, बंद ठेवायची आम्हाला सवय हाय."

निदान विचारावं तरी, म्हणून मी चांगुणाबाईंकडे गेलो. त्या अंगणात भांडी घासत होत्या. इतक्या पाण्यानं भांडी घासताना मी त्यांना प्रथमच पाहत होतो. मी लांबलचक बोललो. हा प्रश्न एका वाडीचा नाही, सिनेमा दूरवर जाईल, लोकांचे डोळे उघडतील. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे पानी नाय हे दाखवाया पानी बंद करायचं."

"तीनच दिवस."

"आन मंग कोन सोडनार?"

"मी सोडायला लावीन. माझा शब्द."

त्यांनी हातातलं पातेलं पालथं घातलं. "सायेब, हितं बंद केलेली चावी पुन्हा उघडाया दुसरा सिनेमावाला यावा लागंल. तुमी चावीला हात लावू नका. आमी आदल्या दिशी सगळं भरून ठेवू, दोन दिस नळाला शिवनार नाय. ओटा पुसून सुकवून देऊ. सीनला मी नुसती फिरवल्यावानी करीन."

म्हणजे ॲक्टिंग. माझ्या तत्त्वात बसत नव्हतं, पण मी मान डोलावली.

बायांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी ओटा गोणपाटानं पुसून, उन्हात वाळवून दगडासारखा कोरडा करून दिला. पोरांना नळाजवळ फिरकू दिलं नाही. आणि ऐन वेळी दगा दिला तो नळानं. नवा, घाईत बसवलेला नळ. बंद असूनही मिनिटाला एक थेंब सोडत होता. फिरोज कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणायचा, "दादा, थेंब दिसतोय." कापूस कोंबला, तो फुगून बाहेर आला. मेण लावलं, ते वितळलं. चार टेक वाया गेले. समोरच्या डोंगराची सावली ओट्याकडे सरकत होती. ती ओट्यावर आली की दिवस संपला, आणि फिरोजला कॅमेरा घेऊन दुसऱ्या सकाळी मुंबईला परतायचं होतं.

मी शेडगेला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो, "पंधरा मिनिटं."

तो खाली गेला. दहा मिनिटांनी थेंब थांबला. चांगुणाबाईंना वाटलं, मेण लागू पडलं. मी "ॲक्शन" म्हणालो. त्यांनी हंडा लावला, चावीला हात घातला. ठरल्याप्रमाणे नुसतं फिरवल्यासारखं केलं. मग, का कुणास ठाऊक, थेंब थांबल्याचा संशय आला असेल, त्यांनी ती चावी खरोखर पूर्ण फिरवली.

पाणी आलं नाही.

त्यांनी पुन्हा फिरवली. उलट, सुलट. नळाच्या तोंडाला तळहात लावून पाहिला. मग मान वळवून कॅमेऱ्याच्या बाजूला बघितलं. तिथे माझी खुर्ची होती. रडणं नाही, राग नाही. भाताची रोपं कुजली आहेत हे चिखलात हात घातल्यावर माणसाला कळतं, तसा चेहरा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मी कट म्हणालो नाही. तीन मिनिटं दहा सेकंद. मला कळत होतं की हा शॉट मला पुन्हा मिळणार नाही. तेवढंच कळत होतं.

शॉट संपल्यावर त्यांनी विचारलं, "चावी कुनी बंद केली?"

"मी करायला सांगितली. पंधराच मिनिटं. आता उघडतोय."

"सांगायचं व्हतं. मी तसं करून दाखवलं असतं," त्या म्हणाल्या आणि हंडा उचलून घरात गेल्या.

तेवढ्यात शेडगे वर आला. त्याच्या हातात व्हॉल्व्हचा गंजलेला दांडा होता. उघडताना तो मोडला होता, व्हॉल्व्ह बंदच अडकला होता. बाळाराम मागून येत म्हणाला, "जुनी हाय ना. एकदा बंद केली की संपली."

मी धावपळ केली, हे माझ्या बाजूनं नोंदवतो. रोह्याशेजारच्या अष्टमी गावातून प्लंबर आणला. त्यानं बघितलं आणि सरकारी लाइनीला हात लावणार नाही म्हणून परत गेला. कचेरीत चार वेळा गेलो. प्रत्येक वेळी खुर्ची आणि चहा मिळाला. तिथले एक गृहस्थ म्हणाले, "मंजुरी येईल हो. आणि खरं सांगू, तुमच्या सिनेमात पाणी नाही ना? मग आता आलं तर सिनेमा खोटा नाही का पडणार?" टँकर पाठवला, तो चढणीवर अर्ध्यातून मागे घसरला. तो अख्खा उन्हाळा बाया पुन्हा झऱ्यावर गेल्या. व्हॉल्व्ह बदलला तो गणपती आणि दिवाळी होऊन गेल्यावर.

दरम्यान सिनेमा महोत्सवात गेला, बक्षीस घेऊन आला. जाणकारांनी लिहिलं, की शेवटची ती नजर व्यवस्थेवरचा आरोप आहे. बरोबरच होतं. फक्त आरोपी दोन पावलांवर खुर्चीत बसला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रोह्याच्या हॉलमध्ये खेळ ठेवला तेव्हा वाडीच्या बायांना पुढच्या रांगेत बसवलं. चुलीपुढे चांगुणाबाई रडतात त्या प्रसंगाला मागचा हॉल हुंदके देत होता आणि पुढची रांग हसत होती. तो नुसता चुलीचा धूर होता, चांगुणाबाईंना रडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या शॉटला मात्र पुढच्या रांगेत कुणी हललं नाही. खेळानंतर स्टेजवर एका प्राध्यापकांनी मला विचारलं, "त्या नजरेसाठी तुम्ही यांच्याकडून कशी तयारी करून घेतलीत?" चांगुणाबाई शेजारी उभ्या होत्या. मी माइकवर म्हणालो, "महिनोन्‌महिने संवाद साधला. विश्वास संपादन केला." टाळ्या झाल्या. चांगुणाबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. वीस वर्षांत मी म्हटलेल्या वाक्यांमध्ये याहून खोटं एकही नव्हतं, आणि ते लिहायला लेखकही लागला नव्हता.

पुढच्या फेब्रुवारीत त्या पेणला माझ्या घरी आल्या. बरोबर कुशी नावाची त्यांची बहीण होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, त्यांनी हातानं थांबवलं.

"ही पेनच्या वरच्या अंगाला दिलीय," त्या कुशीकडे बोट करून म्हणाल्या. "तिच्या वाडीला नळ हाय, पानी नाय. तुमी तिथं शूटिंग करा."

"चांगुणाबाई, दुसरा सिनेमा करायची माझी ऐपत नाही आता."

"सिनेमा कुनी सांगितला? शूटिंग करा. आमच्याकडं पेपरात आलं म्हनून पानी आलं. सिनेमा पुरा केलात म्हनून गेलं. मंग पेपरापतूरच करायचं, फुडं करायचं नाय."

दिग्दर्शन शिकवणाऱ्या संस्था आहेत, मी काहींत व्याख्यानंही दिली आहेत. एवढं नेमकं मार्गदर्शन मला कुठे ऐकायला मिळालं नाही.

फिरोज येतो म्हणाला. आम्ही कुशीच्या वाडीवर कॅमेरा लावला, वर मोठी छत्री धरली, उजेड पाडायला चंदेरी कागदाचे दोन मोठे पुठ्ठे उभे केले. कॅमेऱ्यात चित्रण साठवायचं कार्डच नव्हतं. मी दिवसभर "ॲक्शन" आणि "कट" म्हणत होतो. बाया हंडे घेऊन इकडून तिकडे जात होत्या, आणि कुणी कुठून चालायचं हे चांगुणाबाई सांगत होत्या. "गो कुशे, नीट चाल, सायेब बघतायत." पत्रकार येऊन गेला. बातमी आली.

यावेळी जीपमधून पाइप आले नाहीत. जीपमधून पाणीपुरवठ्याचे साहेब स्वतः उतरले. गोरेपान, नीट भांग पाडलेला, गळ्यात ओळखपत्र. मला वाटलं, आता कार्ड दाखवा म्हणणार. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी कॉलेजात एकांकिका केल्यात. तुमच्या फिल्ममध्ये एखादा छोटा रोल असेल तर बघा."

मी काही बोलायच्या आत चांगुणाबाई पुढे आल्या. "हाय ना. पानी आननाऱ्या सायबाचा हाय. अजून कुनी भेटला नाय."

साहेब खुलले. "काय करावं लागेल?"

"काय नाय. नळ उघडायचा, बायांनी हंडं भरायचं, तुमी बाजूला उभं राहायचं." मग जरा थांबून, अगदी साधेपणानं म्हणाल्या, "पन सीनला पानी लागंल."

साहेब माझ्याकडे वळले. "टँकरनं भागेल का?"

त्या क्षणी माझा जुना हट्ट कामाला आला. मी इन्स्पेक्टरच्या आवाजात म्हणालो, "नाही. माझ्या सिनेमात सगळं खरं लागतं."

सहा दिवस लागले. कुठली मंजुरी कुठून आली मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. सातव्या दिवशी साहेब कडक इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. फिरोजनं मला विचारलं, "दादा, कार्ड टाकू?" मी म्हणालो, "टाक. माणूस घरून सराव करून आलाय."

साहेबांनी नळ उघडला. आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. त्यांनी तोंडपाठ केलेलं वाक्य म्हटलं, ते पाण्याच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. काम वाईट नव्हतं. फक्त कॅमेऱ्याकडे बघत होते. कुशीचा हंडा भरला, दुसरीचा लागला, तिसरी पुढे सरकली. शॉट लांबत चालला होता आणि साहेबांचा चेहरा अवघडत चालला होता. मी सवयीनं "कट" म्हणायला तोंड उघडलं, तर चांगुणाबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं भरून होऊ द्या."